चतकोर गोळी

डिसेंबरात आमच्या फ्योर्डमध्ये
दुपारी साडेतीनलाच दिवस मिटतो.
डोंगर आधीच अंगावर आलेले,
त्यात सूर्य दोन महिने रजेवर.

स्टेनवोर बरोब्बर त्याच वेळी ओरडायची,
"कोण आहे ती? बाहेर काढा तिला!"
आणि हाताला लागेल ते फेकायची,
कप, चप्पल,
एकदा तर शेजारच्या औदुनची कवळी.

फाइलमध्ये आम्ही लिहायचो : अस्वस्थ. आक्रमक.
फाइल जाड होत गेली, स्टेनवोर बारीक.
आधी एक गोळी, मग दोन, मग रात्रीची वेगळी.
मग ती ओरडेनाशी झाली.
जेवेनाशीही झाली.
हनुवटी छातीला टेकलेली,
लोकरी स्वेटरवर लाळेचा ओला डाग.
येणारे-जाणारे म्हणायचे, किती शांत झाल्या!
आम्हीही म्हणायचो. खोटं कशाला बोलू,
त्या शांततेत मला कॉफी गरम प्यायला मिळायची.

नवी डॉक्टर आली, ह्याल्मदीस.
तिनं फाइल उघडलीच नाही.
स्टेनवोरशेजारी खुर्ची ओढून बसली,
मान तिच्याच उंचीवर आणून,
साडेतीन ते साडेचार.
मग उठली आणि खिडकीचा पडदा ओढला.

एवढंच.
बाहेर अंधारलं की काचेचा आरसा व्हायचा,
एक परकी म्हातारी रोज तिथून आत बघायची,
आणि आम्ही गोळी द्यायचो
आतल्या बाईला.

पुढं सोपं नव्हतं.
एकीची अर्धी, अर्धीची चतकोर.
तिसऱ्या आठवड्यात तिनं मला कडकडून चावा घेतला.
मनगटावर अजून दोन दात उमटलेले आहेत.
का चावली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
ह्याल्मदीसला फोन केला. ती म्हणाली, थांबू या.
तिचं काय जातंय म्हणायला,
मी मनात म्हटलं.
थांबलो.

मग बोटं जागी झाली.
टेबलक्लॉथवरून, दुसऱ्यांच्या ताटातून
काहीतरी वेचून बाजूला टाकू लागली.
पूर्वी यालाही आम्ही एखादा शब्द चिकटवला असता.
लेक म्हणाली, आई सत्तावीस वर्षं
मासळीच्या कारखान्यात होती.
खालून दिवा लावलेल्या काचेवर
कॉडचे तुकडे पसरायची, किडे शोधून काढायची.
एक सुटला नाही कधी तिच्या नजरेतून.

शाळेत एक जुना लाइटबॉक्स धूळ खात पडला होता,
तो मागून आणला.

गोळी कमी झाली
आणि रडूही परत आलं.
चौसष्ट साली बुडालेला भाऊ
पुन्हा बुडू लागला, बहुतेक जेवणाच्या वेळी.
लेक, ब्रिनहिल्दुर, मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारते,
झोपून असायची तेव्हा निदान
हे तरी नव्हतं ना?
मला उत्तर येत नाही.
मी सांगते, परवा तिनं तुझं नाव घेतलं.
भलत्याच माणसाकडे बघून घेतलं,
ते सांगत नाही.

आज सूर्य डोंगरावरून डोकावला.
सहा मिनिटं.
या दिवशी गावभर पॅनकेक होतात, आमच्याकडेही झाले.
पडदा उघडा होता, काचेत कोणी नव्हतं.
स्टेनवोरनं माझा हात ओढून दिव्यावर उताणा ठेवला.
बोटांच्या कडा लालभडक उजळल्या.
रेघ न् रेघ चाचपत ती मनगटापाशी आली,
दातांच्या खुणेशी थांबली.
तिथलं काहीतरी चिमटीत धरून काढलं,
नसलेल्या एप्रनला पुसलं,
आणि माझा हात सरकवला
पुढच्या बाईकडे.